सारा जडसनबाई आणि तलैंग लोकांची भाषा

ब्रह्मदेशाच्या दक्षिणेस मोलमीन नावाचे बंदर आहे. तेथे व पेगूकडे मोन नावाचे प्राचीन लोक राहतात. ब्रह्मी लोक त्यांस तलैंग म्हणत, आणि इंग्रजांनी तेच नांव ऐकून आपल्या पुस्तकांत घातले. सन १७५७ मध्ये पेगूचा पाडाव झाला, तेव्हा टाचेखाली तुडविलेले ह्या अर्थी हे नांव पडले असे पुष्कळ सांगतात; पण त्याहून कित्येक शतके जुन्या शिलालेखांत ते सापडते, म्हणून ही कथा खरी नव्हे. तरी मोन लोकांस ते झोंबे. दुसऱ्याने ठेवलेले नांव मनास कसे लागते, हे आमच्या अनेक वाचकांस सांगावयास नको.

ह्या लोकांची भाषा प्रारंभी शिकणाऱ्या मिशनऱ्यांत सारा जडसनबाई होत्या. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८०३ रोजी अमेरिकेत झाला. तेरा भावंडांत त्या थोरल्या. सन १८२५ मध्ये जॉर्ज बोर्डमनसाहेबांशी विवाह करून त्या निघाल्या व सन १८२७ मध्ये मोलमीनास आल्या. तेथे एके रात्री चोरांनी घर लुटले. सकाळी पाहतात तो बिछान्याजवळील मच्छरदाणीस सुऱ्याने दोन ठिकाणी छेद पाडलेले! पुढे टॅवॉय येथे दोन मुले मातीस दिली, आणि ११ फेब्रुवारी १८३१ रोजी पतीही क्षयाने वारले. आता बाई मायदेशी जातील असेच कोणासही वाटले असते. पण त्या राहिल्या. शाळा चालविल्या, व लहान मुलास बरोबर घेऊन रानावनांतील करेन लोकांच्या गावी फिरल्या.

सन १८३४ मध्ये आडोनिराम जडसनसाहेबांशी त्यांचे लग्न झाले व त्या मोलमीनास परतल्या. तेथे पेगूकडील लोक पुष्कळ. बाईंस ब्रह्मी भाषा उत्तम येई. यात्रेकरूच्या प्रवासाचा पहिला भाग त्यांनीच त्या भाषेत उतरविला. परंतु मोन भाषा अगदी निराळ्या कुळातली. आमच्या मेळघाटातील कोरकू भाषेशी तिचे दूरचे नाते आहे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. आणि ज्यांस लोक कमी लेखीत, त्या मोन लोकांपासूनच ब्रह्मी लोकांनी आपली अक्षरे घेतली, असे बहुतेक विद्वान मानतात. लेकुरवाळ्या बाईंनी घर सांभाळून ही भाषा नव्याने शिकून घेतली आणि तीत कांही लहान पुस्तके व प्रभूचे चरित्र तयार केले. हॅसवेलसाहेब येताच ते काम त्यांनी त्यांच्या हाती सोपविले. स्वतः आरंभिलेले काम असे सोडून देणे सोपे नसते.

पुढे प्रकृती ढासळली. सन १८४५ मध्ये तीन लहान मुले मागे ठेवून, पती व तीन थोरली मुले यांसह त्या अमेरिकेस निघाल्या. मागे राहिलेल्यांपैकी मधला ऑगस्टात वारला. ते वर्तमान आईस कधीच कळले नाही. १ सप्टेंबर रोजी सेंट हेलेना बेटाच्या बंदरात, जहाजावरच, त्यांनी प्राण सोडला. त्याच दिवशी बेटावर मूठमाती देण्यात आली आणि जहाज पुढे निघाले.

हॅसवेलसाहेबांचा मोन भाषेतील नवा करार सन १८४७ मध्ये मोलमीन येथे छापून निघाला.