वारणाकाठचा समझोता

आर. के. पुरम, नवी दिल्ली

यादवी संपल्यावर प्रतिस्पर्ध्यांत विश्वास कसा रुजवावा, हा प्रश्न मनात आला की मला सातारच्या शाहू महाराजांचे चरित्र आठवते.

१६८२ मध्ये जन्मलेले शाहू १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली. मातोश्री येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. मराठ्यांत दुफळी माजावी, हा मोगलांचा हेतू सफल झाला. महाराणी ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरविले. खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांना मिळाले, १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला; तरी कलह दोन तपे चालला.

ताराबाईंच्या पक्षातील कान्होजी आंग्रे यांनी १७१३ मध्ये शाहूंच्या पेशव्यांनाच कैद केले. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद देऊन त्यांच्याकडे धाडले. कान्होजींचे सरखेलपद व किल्ले मान्य झाले, कैदी सुटला आणि आरमार शाहूंच्या पक्षात आले. पराक्रमी विरोधकाचा मान राखणे हा शाहूंच्या राजनीतीचा पाया होता. पुढे १७१९ मध्ये बाळाजींनी याच दिल्लीतून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळविल्या आणि येसूबाईंना सोडवून नेले.

कोल्हापूरकर संभाजी राजांनी निजामाशी हातमिळवणी केली होती. १७३० मध्ये त्यांचा पराभव झाला व ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. त्यांना सन्मानाने वागविण्यात आले. १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणेच्या दक्षिणेकडील संभाजींचे स्वतंत्र राज्य मान्य झाले. एकाचा शत्रू तो दोघांचा शत्रू, आणि एकाचे नोकर दुसऱ्याने ठेवू नयेत, अशी कलमे त्यात होती. माझ्या मते दुसरे कलम अधिक मोलाचे. यादवी पोसली जाते ती पक्ष बदलून वतन वाढविणाऱ्यांमुळे.

या उदारतेची किंमतही होती. सरदारांना राखण्यासाठी दिलेल्या सरंजामांनी मध्यवर्ती सत्ता सैल केली. शिवाय हा विश्वास शाहूंच्या व्यक्तित्वावर उभा होता. १७४९ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी ताराबाईंनी नव्या छत्रपतींना, रामराजांना, साताऱ्यात कैद केले.

आपल्या काळातील तुलना मिझोरामची. १९८६ च्या करारानंतर लालथनहावला यांनी मुख्यमंत्रिपद सोडून बंडखोरांचे नेते लालडेंगा यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्रिपद पत्करले. पुढील वर्षी निवडणूक झाली आणि त्यानंतर सत्तांतरे मतपेटीतूनच होत राहिली. शाहूंच्या राज्यात उणीव होती ती अशा यंत्रणेची. प्रतिस्पर्ध्याला सन्मानाने जागा देणे ही समझोत्याची पहिली पायरी होय. ती जागा कोणा एकाच्या हयातीपुरती न राहता नियमाने टिकावी, ही दुसरी. आजचे करार बहुधा पहिलीवरच थबकतात.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. अनुवादित लेख.)