जेफ रास्किन : वापरणाऱ्याची बाजू घेणारा संगणकतज्ज्ञ



संगणकाची माहिती सांगताना आपण मुलांना चार्ल्स बॅबेज, बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स ही नावं सांगतो. आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेणार आहोत, ज्यांचं नाव पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. पण ‘मॅकिंटॉश’ या प्रसिद्ध संगणकाचं काम त्यांनी सुरू केलं होतं. त्यांचं नाव जेफ रास्किन. विशेष म्हणजे ते मुळात आपल्यासारखेच शिकवणारे होते.

जन्म आणि शिक्षण

जेफ रास्किन यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे झाला. गणित, तत्त्वज्ञान, संगीत अशा अनेक विषयांत त्यांना गोडी होती. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून त्यांनी संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. त्या काळात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि छापील अक्षरं. तरीही त्यांचा प्रबंध होता संगणकावर चित्र काढण्याच्या पद्धतीवर! पुढे कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील विद्यापीठात त्यांनी कला आणि संगणक हे विषय शिकवले. ज्यांचा संगणकाशी काही संबंध नाही, अशा कलेच्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी संगणक शिकवला. नवखा माणूस कुठे अडतो, हे त्यांना तिथे जवळून बघायला मिळालं.

ॲपलमधील काम

१९७८ मध्ये ते ॲपल कंपनीत रुजू झाले. ते कंपनीचे ३१ वे कर्मचारी. त्यांच्याकडे काम होतं माहितीपुस्तिकांचं. ॲपल टू या संगणकावर बेसिक भाषा कशी शिकायची, याचं पुस्तक त्यांनीच लिहिलं. पुस्तिका लिहिणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते. जे समजावून सांगायला दहा पानं लागतात, ते यंत्रच मुळात अवघड बनवलेलं असतं.

१९७९ मध्ये त्यांनी सामान्य माणसाला परवडेल आणि सहज वापरता येईल अशा संगणकाचा प्रकल्प सुरू केला. आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याला ‘मॅकिंटॉश’ नाव दिलं, फक्त इंग्रजी स्पेलिंग थोडं बदललं. १९८१ मध्ये प्रकल्पाची सूत्रं स्टीव्ह जॉब्स यांच्याकडे गेली आणि १९८२ मध्ये रास्किन यांनी ॲपल सोडलं. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, पण तो रास्किन यांच्या मूळ आराखड्यापेक्षा बराच वेगळा होता.

चौकटीची अडचण

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. संगणकावर मध्येच एक चौकट उघडते. तिला डायलॉग बॉक्स म्हणतात. त्यात एक रिकामा रकाना असतो, त्यात आपण काहीतरी टाइप करायचं. हे टेक्स्ट फील्ड. खाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ ही बटणं.

आपल्याला हे साधं वाटतं. पण सुरुवातीच्या काळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यातली प्रत्येक पायरी स्वतः लिहावी लागे. चौकट उघडताना आधीची नोंद फाइलमधून वाचून रकान्यात भरायची. ओके दाबलं तर नवा मजकूर उचलायचा, कॅन्सल दाबलं तर सोडून द्यायचा. मग तो मजकूर पुन्हा फाइलमध्ये लिहून ठेवायचा. जुन्या विंडोजमध्ये अशा पसंतीच्या नोंदी ‘विन डॉट आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवत. शेवटची पायरी राहून गेली, की संगणक बंद केल्यावर सगळं विसरलं! दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा भरा.

रास्किन यांचं म्हणणं इथे वेगळं होतं. चौकट उघडली की हातातलं काम थांबतं आणि लक्ष तुटतं. मग ती चौकट लागतेच कशाला?

कॅनन कॅट

हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला तो १९८७ च्या ‘कॅनन कॅट’ या यंत्रात. त्याला माउस नव्हता. शब्द शोधायला वेगळी चौकटही नव्हती. स्पेसबारच्या खाली ‘लीप’ नावाच्या दोन कळा होत्या. एक पुढे शोधायला, एक मागे. कळ दाबून धरायची आणि हवी ती अक्षरं टाइप करायची, की कर्सर थेट तिथे जायचा.

फाइलला नाव देणं नाही, फोल्डर नाही. फ्लॉपी घालून एकच कळ दाबायची. मजकूर जपून ठेवायचा की फ्लॉपीवरून आणायचा, हे यंत्रच ठरवायचं. पुन्हा सुरू केलं की आपण जिथे थांबलो होतो तेच पान आणि तीच जागा समोर!

त्याची किंमत १४९५ डॉलर होती. सुमारे २०,००० यंत्रं विकली गेली, पण कॅनन कंपनीने ते लवकरच बंद केलं. व्यवहारात हे अपयशच. तरी रास्किन यांनी विचार सोडला नाही. २००० साली त्यांचं ‘द ह्यूमेन इंटरफेस’ हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी आग्रहाने मांडलं, की वापरणाऱ्याचं काम यंत्रामुळे कधीही नष्ट होता कामा नये, आणि यंत्राने काळजी न घेतल्यामुळेही नाही. ढीगभर सेटिंग देण्यालाही त्यांचा विरोध होता. चांगली रचना शोधणं हे बनवणाऱ्याचं काम आहे, ते वापरणाऱ्यावर ढकलू नये, असं त्यांचं मत.

इथे मला मात्र थोडं वेगळं वाटतं. वर्गात एखाद्या मुलाला कमी दिसत असेल तर अक्षर मोठं करण्याची सोय हवीच. पण ती एकदा केली की यंत्राने लक्षात ठेवावी, एवढं नक्की.

२६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियात कर्करोगाने त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

आपण काय घ्यावं?

आपण ऑनलाइन माहिती भरतो. चाळीस मुलांची नावं, जन्मतारखा टाकून होतात आणि मध्येच पान बंद पडतं. मग आपणच म्हणतो, ‘मला नाही बाई जमत हे कॉम्प्युटरचं.’ पालकही असंच म्हणतात, आणि ते ऐकून मुलंही म्हणायला लागतात. रास्किन यांचं आयुष्य सांगतं, की दर वेळी चूक आपलीच असते असं नाही. लिहिलेलं जपणं ही यंत्र बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

आणि हीच गोष्ट वर्गालाही लागू पडते. दहा मुलं एकाच ठिकाणी अडत असतील, तर मुलांना ‘ढ’ म्हणण्याआधी आपण सांगण्याची पद्धत बदलून बघूया.

मुलांना विचारा :

१. मोबाइलमधली कोणती गोष्ट तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते?
२. ती मोबाइलने लक्षात ठेवावी यासाठी तुम्ही काय बदल कराल? चित्र काढा.

उत्तरं नक्की ऐका. उद्याची यंत्रं बनवणारी मुलं कदाचित आपल्याच वर्गात बसलेली असतील.