डोंगरवाटांचा अभ्यासक

पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर एक गृहस्थ हाती काठी घेऊन, खाली पाहत हिंडत. वाटेतील एखादी गारगोटीची कपची उचलीत, निरखीत आणि जपून ठेवीत. हे गृहस्थ म्हणजे गणिताचे विख्यात पंडित दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद यांनी पाली भाषेच्या अध्ययनासाठी नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथपर्यंत प्रवास केला होता. पुढे ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदरही बरोबर गेला. १९२९ मध्ये तेथील पदवी संपादन करून दामोदर स्वदेशी परतले आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करतानाही त्यांनी पुणे सोडले नाही. ते आगगाडीने जा-ये करीत.

इतिहासाकडे त्यांना नेले तेही गणितानेच. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. म्हणून अधिक वापरलेले नाणे किंचित हलके भरते. तक्षशिलेस सापडलेली चांदीची प्राचीन नाणी त्यांनी नाजूक तराजूत एकेक करून तोलली आणि त्यांच्या वजनांवरून त्यांचा काळाचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. किती चिकाटीचे हे काम!

परंतु तराजूपुढे बसून त्यांचे समाधान होईना. आज शहरात मिसळून गेलेली बिबवेवाडीसारखी गावे तेव्हा शेतमळ्यांची खेडी होती. अशा पुणे परिसरात हिंडताना त्यांना अश्मयुगीन माणसाच्या दगडी पात्या सापडल्या. अनेक ग्रामदेवतांची ठाणी जुन्या वाटांवर, वाटा मिळतात तेथे आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले. धनगर व पारधी यांच्याशी ते आस्थेने बोलत. कारण लिहून न ठेवलेला इतिहास लोकांच्या चालीरीतींत टिकून राहतो, अशी त्यांची धारणा होती.

कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवरील लेख वाचताना तर देशांच्या सीमाच पुसट होतात. कोणता खांब कोणी दिला, हे त्यांत कोरले आहे. दात्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणून ओळखले जाणारे लोक आहेत; एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि एक सुतारही आहे! कोसंबी म्हणत, ही लेणी एकांतासाठीच खोदलेली नाहीत. समुद्राकाठच्या बंदरांतून घाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गांवर ती आहेत. विहार आणि व्यापार एकमेकांच्या आधाराने वाढले.

प्राचीन बंगालमध्ये विद्याकराने संकलित केलेल्या संस्कृत सुभाषितांच्या संग्रहाची हस्तलिखिते तिबेट व नेपाळ येथे जतन झाली होती. प्राध्यापक वा. वि. गोखले यांच्यासह कोसंबींनी त्या संग्रहाचे संपादन केले व १९५७ मध्ये हार्वर्डने तो छापला.

गणितज्ञाने हे उद्योग का करावेत, असे काहींना वाटे. १९६२ मध्ये त्यांची मुंबईतील नोकरी संपली. पण लेखन व भ्रमंती थांबली नाही. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.