स्मिता पाटील : हिरावलेल्या बालपणाची साक्ष

दीपनगरच्या वीज वसाहतीपासून थेट शिरपूरपर्यंत साऱ्या खानदेशाला स्मिता पाटील ही आपल्याच घरची लेक वाटत आली आहे. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. स्वातंत्र्यलढ्यात ते सहभागी होते आणि पुढे राज्याचे मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका व समाजसेविका होत्या. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात आणि कलापथकाच्या सहवासात तिचे बालपण मायेने जपले गेले. पडद्यावर मात्र तिच्या वाट्याला वारंवार आल्या, त्या लहानपणीच्या जखमा आयुष्यभर वागवणाऱ्या स्त्रिया. ही वेदना तिची स्वतःची नव्हती. ती तिने इतरांच्या जगण्यातून समजून घेतली होती.

मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असताना श्याम बेनेगल यांची नजर तिच्यावर पडली. 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन' या चित्रपटांनंतर १९७७ मध्ये 'भूमिका' आला. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला होता. दारूच्या आहारी गेलेले वडील, घरातील कलह आणि गरिबी यांत वाढलेल्या उषाला घराशी सलगी असलेला, वयाने मोठा केशव चित्रपटांत आणतो. पुढे तोच तिचा पती होतो आणि तिच्या कमाईवर जगू लागतो. प्रौढ उषा आधाराच्या शोधात एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिला नवा पिंजरा मिळतो. तिच्या या धडपडीचे मूळ त्या असुरक्षित बालपणात आहे, हे दिग्दर्शकाने भूतकाळाच्या प्रसंगांतून सुचवले आणि स्मिताने ते आपल्या देहबोलीतून जिवंत केले. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तिने पंचविशीही गाठली नव्हती.

जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील रवींद्र धर्मराज यांचा 'चक्र' १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. येथे ती आई झाली. गावातील सावकाराच्या अत्याचारामुळे परागंदा झालेले कुटुंब मुंबईच्या झोपडपट्टीत येते, पती मारला जातो आणि अम्मा मुलाला एकटीने वाढवते. मुलगा शिकावा, सुधारावा ही तिची इच्छा असते. पण त्याच्यासमोर आदर्श असतो तो लुक्का नावाच्या गुंडाचा. एका पिढीवर झालेली हिंसा दुसऱ्या पिढीच्या वाट्याला कशी येते, हे या चित्रपटाच्या नावातच आहे. अम्माचे मातृत्व स्मिताने जराही गोड करून दाखवले नाही. याही भूमिकेने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

पुढच्याच वर्षी डॉ. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मध्ये ती सुलभा महाजन झाली. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरील या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. घर आणि लहान मुलीला मागे ठेवून सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. घराने व समाजाने टाकलेल्या स्त्रिया तेथे आश्रयाला येतात. पण आसरा देणारी व्यवस्थाच त्यांना पुन्हा लुबाडते. जखम भरून यावी अशी जागाही जखम देणारीच निघाली, तर चक्र थांबणार कसे, हा या चित्रपटाचा प्रश्न होता.

या तिन्ही चित्रपटांच्या काळात बालकांच्या लैंगिक छळाबद्दल घराघरांत मौन होते. हिंदी 'हायवे' (२०१४) या विषयावर उघड बोलू लागला, तो त्यानंतर तीन दशकांनी. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाची १३ राज्यांतील पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळाची नोंद केली होती. स्वतंत्र पोक्सो कायदा होण्यास २०१२ उजाडावे लागले. कायदा गुन्हेगाराला शिक्षा देतो. पीडित मूल मोठे झाल्यावर कसे जगते, कोणावर विश्वास ठेवते आणि आपल्या मुलांना काय देऊन जाते, हे समजून घेण्यासाठी मात्र अशा कलाकृतींकडेच वळावे लागते.

१९८५ मध्ये स्मिताला पद्मश्रीने गौरवण्यात आले. पुढच्याच वर्षी मुलाच्या जन्मानंतर अवघ्या पंधरवड्यात, १३ डिसेंबर १९८६ रोजी तिचे निधन झाले. तेव्हा ती ३१ वर्षांची होती. जेमतेम दशकभराच्या कारकिर्दीत तिने दुखावलेल्या स्त्रियांना प्रेक्षकांची कीव मिळवून दिली नाही. त्यांचे ऐकून घेण्याची सवय प्रेक्षकांना लावली. एखादे मूल अचानक अबोल झाले, तर त्याला दटावण्याआधी विचारपूस करावी, इतके शहाणपण जरी या चित्रपटांतून आपण घेतले, तरी शिरपूरच्या या लेकीचे ऋण काही अंशी फिटेल.