हॉवर्ड लव्हक्राफ्ट : पलीकडच्या मितीचा लेखक

गेममध्ये भिंतीत दार उघडतं आणि दुसऱ्या मितीतला राक्षस अंगावर येतो, हे तुमच्या मोठ्या मुलांनी पाहिलं असेलच. या कल्पनेमागे ज्याचा मोठा वाटा आहे, त्या अमेरिकन लेखकाची ही ओळख.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट यांचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी प्रॉव्हिडन्स शहरात झाला. १८९३ मध्ये वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, ते १८९८ मध्ये तिथेच वारले. भीतीच्या गोष्टी सांगणारे आजोबा १९०४ मध्ये गेले आणि राहतं घरही गेलं. पुढे आईलाही त्याच रुग्णालयात न्यावं लागलं. हॉवर्डला आकाशातल्या ताऱ्यांचं वेड होतं, पण बीजगणित जड गेलं आणि तब्येतीमुळे हायस्कूलही पुरं झालं नाही. गंमत बघा, पुढे 'ड्रीम्स इन द विच हाऊस' या कथेत त्यांनी नायक केला तो गणिताचाच विद्यार्थी! त्याच्या खोलीच्या तिरक्या कोपऱ्यातून दुसऱ्या मितीत वाट जाते.

त्यांच्या वंशद्वेषाबद्दलही बोललं पाहिजे. तो पत्रांत आहे, कथांतही आहे. मुलांना चरित्र सांगताना हे गाळू नये, असं मला वाटतं.

हयातीत पैसा मिळाला नाही. १५ मार्च १९३७ रोजी, ४६ व्या वर्षी, कर्करोगाने ते गेले. मित्रांनी १९३९ मध्ये त्यांच्या कथांचं जाडजूड पुस्तक काढलं.

आता खरा फरक. १९२० मध्ये लिहिलेल्या 'फ्रॉम बियाँड' कथेत एक यंत्र आपल्याभोवतीचं अदृश्य जग दाखवतं. सगळ्यात भयंकर प्राणी मात्र लेखक शेवटपर्यंत नीट दाखवत नाही. माणूस पिस्तूल झाडतो, तेही यंत्रावर! १९८६ च्या सिनेमात मात्र प्राणी थेट पडद्यावर येतात, चिकट आणि रक्ताळलेले. १९८१ मध्ये सँडी पीटरसन यांनी 'कॉल ऑफ कथुलू' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ केला. त्यात राक्षस पाहिला की खेळाडूच्या शहाणपणाचे गुण कमी होतात, म्हणून पळणंच बरं. हा मला मूळ कथांच्या सर्वांत जवळचा वाटतो. पण याच पीटरसन यांनी पुढे 'क्वेक' (१९९६) या कॉम्प्युटर गेमवर काम केलं, आणि त्यात लव्हक्राफ्टच्या जगातले प्राणी बंदुकीने पाडत जायचं असतं.

घरात असा गेम चालू असेल तर मुलाला विचारून बघा : यात नुसतं पळून जाता येतं का रे?