फिलिप्स हेडमागचा फिलिप्स

होस्टेलवर ज्याला आपण ‘स्टार’ किंवा ‘प्लस’ स्क्रूड्रायव्हर म्हणतो, त्याचं खरं नाव फिलिप्स. बल्ब आणि रेडिओवाल्या डच कंपनीशी त्याचा काहीही संबंध नाही! हे नाव एका अमेरिकन माणसाचं आहे, आणि बिचारा आजही रोज जगभर शिव्या खातो.

हेन्री फ्रँक फिलिप्स यांचा जन्म १८८९ सालचा. ते ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलँड शहरातले एक व्यावसायिक होते. त्या काळी बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावर एकच सरळ खाच असायची. ड्रायव्हर जरा हलला की बाजूला सरकायचा, कधी हातात घुसायचा. मोटारींच्या कारखान्यात मशीनने झपाझप स्क्रू पिळायचे, तर ड्रायव्हर आपोआप मध्यभागी बसायला हवा होता.

याच शहरातल्या जॉन थॉम्पसन यांनी चौफुलीसारख्या खाचेचा स्क्रू शोधून काढला होता. पण कारखानदारांना तो पटेना. एवढी खोल खाच ठोकली तर डोकंच फुटेल, असं सगळ्यांचं मत. थॉम्पसन यांचे हक्क फिलिप्सनी घेतले, डिझाइन सुधारलं, १९३४ साली कंपनी काढली आणि १९३६ मध्ये पेटंट्स मिळवली. म्हणजे मूळ कल्पना त्यांची नव्हतीच. पण ती कारखान्यापर्यंत नेण्याची चिकाटी मात्र त्यांची.

बऱ्याच नकारांनंतर प्रॉव्हिडन्स येथील अमेरिकन स्क्रू कंपनी तयार झाली. तिथले इंजिनिअरसुद्धा जमणार नाही म्हणत होते. शेवटी प्रेसिडेंट युजीन क्लार्क यांनी सांगून टाकलं की जे असं म्हणतील त्यांना पेन्शनीत काढतो. मग जमलं! १९३६ साली जनरल मोटर्सने हे स्क्रू कॅडिलॅक गाडीत वापरले आणि काही वर्षांतच ते अमेरिकाभर पसरले. तब्येतीमुळे १९४५ साली फिलिप्स निवृत्त झाले आणि १९५८ मध्ये वारले.

आता शिव्यांकडे वळू. या खाचेच्या भिंती तिरक्या असतात, म्हणूनच ड्रायव्हर पटकन मध्यभागी बसतो. पण जोर लावला की त्याच तिरकेपणामुळे फोर्सचा एक कंपोनंट ड्रायव्हरला बाहेर ढकलतो. याला ‘कॅम आउट’ म्हणतात. दोनतीनदा ड्रायव्हर सटकला की खाच गोल होते. स्क्रू जास्त पिळला जाऊ नये म्हणून हे मुद्दाम केलं, असं बरेच जण सांगतात. गंमत म्हणजे मूळ पेटंटमध्ये उलटंच लिहिलंय: ड्रायव्हर बाहेर सटकण्याची शक्यता कमी व्हावी, हा त्यातला एक उद्देश होता! जे टाळायचं होतं त्यालाच त्यांचं नाव चिकटलं.

याचा ताप सायकलिंगवाल्यांना विचारा. पेडलला बूट अडकवणाऱ्या क्लीटपैकी स्पीडप्ले झीरोसारख्या क्लीटला चार फिलिप्स स्क्रू असतात. चालताना खाचेत माती बसते, पावसात गंज चढतो, आणि क्लीट बदलायच्या दिवशी डोकं गेलेलं असतं. अशा वेळी आधी टाचणीने माती काढा, गंजरोधक तेल टाकून रात्रभर ठेवा. मग बरोबर मापाचा, म्हणजे दोन नंबरचा ड्रायव्हर घ्या, अंगाचा भार देऊन दाबा आणि हळू फिरवा. खाचेत रबरबँड किंवा जरा व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट घातली तर पकड येते. तरी नाही निघाला तर हॅकसॉच्या पात्याने सरळ खाच पाडून चपटा ड्रायव्हर लावा (हो, फिलिप्सच्या आधीचाच!). अगदीच हट्टी असेल तर डोकं ड्रिलने उडवा, प्लेट काढा आणि उरलेला दांडा पक्कडीने फिरवा. नवा स्क्रू ग्रीस लावून बसवा, आणि ताकद दाखवू नका.

खरं तर निम्मा दोष चुकीच्या मापाचा आणि आपल्या घाईचा असतो. तेव्हा पुढच्या वेळी स्क्रू सटकला तर फिलिप्सना शिवी देण्याआधी हातातल्या ड्रायव्हरचा नंबर बघा.