कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आमच्या वडूज भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र क्वचितच, आणि तेही आवाज उतरवून, घेतले जाते. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत त्यांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

रघुनाथरावांचा जन्म 1882 सालचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या मतांपायी विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. पत्नी मालतीबाई मात्र अखेरपर्यंत खंबीरपणे पाठीशी राहिल्या.

संततिनियमनाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस त्यांचे गुप्तरोगांविषयीचे कार्य अधिक मोलाचे वाटते. गरमी, परमा हे शब्द घरंदाज माणसे उच्चारीत नसत. रोग मात्र बिनदिक्कत उंबरठा ओलांडीत. पतीने बाहेरून आणलेली गरमी निरपराध पत्नीस जडे, तिच्या उदरातील अर्भकासही जडे. गर्भ राहीना, मूल जगेना, की बोल लागे तो सुनेच्या पायगुणाला! रघुनाथरावांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहून या रोगांकडे पाप म्हणून नव्हे, तर रोग म्हणून पाहावयास शिकविले.

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. घरी विचारण्याची सोय नसलेले प्रश्न वाचक त्यांस विचारीत व छापील उत्तर मिळवीत. अशाच उत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. तरीही दंड झालाच. मासिक मात्र थांबले नाही.

आमच्याकडे सोयरीक जुळविताना पत्रिका, नाड, देवक सारे बारकाईने पाहतात. रक्ततपासणीचे नाव काढले की बैठकीत शांतता पसरते. वास्तविक गरमी आज पेनिसिलिनने बरी होते, एचआयव्ही नित्य औषधाने आटोक्यात राहतो, आणि त्याची तपासणी सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. नाड जुळूनही घरे बुडालेली आम्ही पाहिली आहेत.

मालतीबाई 1944 साली निवर्तल्या. रघुनाथरावांचे 14 ऑक्टोबर 1953 रोजी निधन झाले. नोव्हेंबरचा अंक तेवढा निघाला, आणि सव्वीस वर्षांचे ते मासिक बंद पडले.